सोबतीचा उंदीर

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताणाने पिचलेल्या माणसांना मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे, रोज चार ओळी लिहीत जा, बरं वाटेल. स्वतः आजवर एक ओळ लिहिलेली नाही. पण सोमवारपासून आमच्या नव्या अभ्यासाची रंगीत तालीम आहे, तिच्यात मीही एक नमुना आहे, आणि नमुन्यांनी दैनंदिनी ठेवलीच पाहिजे हा नियम मीच केलेला आहे. भोगा आता.

अभ्यास रुग्णालयातल्या परिचारिकांवर आहे. लाळेत कॉर्टिसॉल सापडतं. त्याला ताणाचा रस म्हणावं, म्हणजे नातेवाइकांनाही कळतं. धडधाकट माणसात तो सकाळी जाग आल्यावर चढतो आणि मग दिवसभर उतरत झोपेपर्यंत तळाला जातो. कागदावर काढला की डोंगर दिसतो. फार काळ ताणात राहिलेल्या माणसाचा डोंगर झिजतो. सकाळी चढत नाही, संध्याकाळी उतरत नाही. सपाट रेघ. मेंदूने हात टेकल्याची सही म्हणा.

यंत्र नवं आहे, त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणून परिचारिकांना त्रास देण्याआधी घरच्यांना द्यायचं ठरवलं. तीन माणसं: मी, नवरा, लेक. आठवडाभर दिवसातून चार वेळा नळीत थुंकायचं. माझी विद्यार्थिनी नळ्यांवर अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावणार, कोण कुठलं ते फक्त तिला ठाऊक. ती प्रत्येक गोष्टीत शंका काढते म्हणून सगळे तिला शंकासुर म्हणतात. आजही काढलीच.

"मॅडम, घरच्याच तिघांसाठी कोड कशाला? तुम्ही काय स्वतःलाच फसवणार आहात?"

म्हटलं, "माणूस दुसऱ्याला क्वचित फसवतो गं. स्वतःला रोज. नियम म्हणजे नियम."

वाक्य बरं जमलं. कुठल्यातरी व्याख्यानात वापरावं.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी तिघं ओळीने नळ्या तोंडाशी धरून बसलो. लेक म्हणाली, "आई, बाकीच्या मुलींच्या घरी सकाळी एकत्र चहा पितात."

नवऱ्याला या प्रयोगात मी मुद्दाम घेतलंय. तुलनेला एक तरी बिनताणाचा माणूस हवा, आणि याच्याइतका बिनताणाचा प्राणी मी प्रयोगशाळेतही पाहिलेला नाही. मी त्याला स्थितप्रज्ञ म्हणते. घर पेटलं तरी हा आधी चपला शोधेल. कशालाही उत्तर एकच: "मी आहे ना." पाहुणे येणार? मी आहे ना. नळ गळतोय? मी आहे ना. इमारतींचे नकाशे काढणं हा त्याचा धंदा. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यापासून ऑफिस सोडून घरीच नकाशाच्या फळ्यावर काम करतो. सुखी आहे. ना वरिष्ठ, ना सभा.

सासूबाईंची तब्येत तशी उत्तम. फक्त विसरतात. आज मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" म्हटलं, कामाला आलेय. "मग करा," म्हणाल्या. संस्थेत मला इतक्या थेट भाषेत कोणी सांगत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

झोप नाही. सासूबाई उजाडायच्या आत उठून घराबाहेर पडू बघतात, म्हणून नवऱ्याने त्यांच्या दाराला एक घंटी बांधलीय. दार हललं की किणकिण. मी कानात बोळे घालून झोपते, तरी एखादी किणकिण आत शिरतेच. माझी रेघ सपाट येणार यात शंका नाही. येऊ दे. निदान पुरावा तरी असेल. दमले म्हटलं की लोक हसून म्हणतात, कोण दमत नाही?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज संचालकांनी बोलावलं. भावना आणि ताण यांच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र उघडणार आहेत, प्रमुख मी व्हावं असं त्यांना वाटतं. चार मजली केंद्र, माझी माणसं, माझा विषय. इतकी वर्षं उंदरांच्या शेपट्या धरून बसले त्याचं चीज म्हणायचं. सोबत दौरे, सभा, पाहुणे, सकाळी लवकर, संध्याकाळी उशिरा. महिनाअखेर हो किंवा नाही सांगायचं.

"घरी विचारून घ्या," म्हणाले.

"विचारायचं काय, घरी सगळं सांभाळणारा आहे."

"नशीबवान आहात," म्हणाले आणि खिन्न झाले. त्यांच्या घरी बहुधा तेच सांभाळतात.

या भानगडीत दुपारची नळी राहून गेली. शंकासुराला बोलले नाही. नियम करणारीनेच नियम मोडला हे तिला कळलं तर वर्षभर ऐकवेल.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "घे की. मी आहे ना." लेक ताटातलं पुढ्यातच फिरवत बसली. पोरीला आईचं कौतुक नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लेक मैत्रिणीकडे राहायला गेली, आणि आजच्या नळ्या टेबलावर विसरून. म्हणजे तिचाही एक दिवस गेला. विज्ञान अशाने पुढे जातं.

दुपारी खिडकीतून खाली पाहिलं तर नवरा बाजारातून येऊन गाडीतच बसलेला. गाडी बंद. पिशव्या मांडीवर. मी तोवर पाच-सहा ईमेलना उत्तरं दिली, पुन्हा पाहिलं, तरी तसाच. वर आल्यावर विचारलं, गाणं ऐकत होतास का? म्हणाला, "हो." स्थितप्रज्ञच. मला मेलं गाणं ऐकायला कधी वेळ मिळतो?

त्याच्या फळ्यावर एका शाळेचा नकाशा लावलाय. मी बारा वाजलेल्या चेहऱ्याने कधी त्या खोलीत डोकावले की तोच जिना दिसतो, पहिल्या मजल्यापर्यंत येऊन थांबलेला. म्हटलं, "अरे, मुलं वर कशी जाणार?"

"उड्या मारत," म्हणाला.

हसलो दोघं.

१५ फेब्रुवारी, रविवार

शेवटच्या नळ्या. नवऱ्याने आपल्या सगळ्या नळ्या कपाटात वारांप्रमाणे लावून ठेवल्यात, शाळेच्या प्रार्थनेतल्या रांगांसारख्या.

सकाळी न्हाणीघरात नळ नुसताच वाहत होता. बराच वेळ. दार वाजवलं तर आतून म्हणाला, "आलोच." पाण्याची नासाडी करू नकोस म्हटलं. डोळे लाल करून बाहेर आला. साबण गेला म्हणे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आकडे आले.

अ: डोंगर. तरुण, टोकदार, देखणा. ही लेक, दुसरं कोण.

ब: हाही डोंगर. जरा ठेंगणा, पण चढ-उतार अगदी व्यवस्थित. सकाळी उठतो, कामाला लागतो, निजायच्या वेळी निवांत. हा आमचा स्थितप्रज्ञ.

क: सपाट.

मी तो कागद हातात घेऊन खुर्चीत बसले. इतकी सपाट रेघ उंदरांतही क्वचितच पाहिली असेल. सकाळी जाग येते आणि शरीर म्हणतं, नको. निजायची वेळ होते आणि शरीर म्हणतं, अजून नाही. मला रडूच आलं. खरं सांगायचं तर दुःखाने नाही. कुणीतरी एकदाचं माझं ऐकलं म्हणून. यंत्राने का होईना.

शंकासुर म्हणाली, "मॅडम, क सपाट आहे म्हणजे माणूस खूपच... कोड उघडू का?"

"यंत्रावर पुन्हा एकदा तपासून झाल्याशिवाय नाही. नियम म्हणजे नियम. आणि क कोण ते मला ठाऊक आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते समजलं नाही. कीव असावी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "बघा. ही मी."

नवऱ्याने चष्मा लावून रेघ पाहिली. बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, जमिनीची पातळी बघतात तसा. मग म्हणाला, "अगं, मग आता तू आराम कर. सकाळी उठू नकोस. चहा मी आत आणून देईन, गाडीने सोडीनही. मी आहे ना."

लेक फिस्कारली, "बाबा, तुम्ही अजून काय काय करणार आहात?"

"होतं गं."

"आई, कोड उघडलास का?"

"गरज नाही."

"शास्त्रज्ञ ना तू?"

म्हटलं, शास्त्रज्ञ आहे म्हणूनच कळतं. ती खुर्ची सरकवून उठून गेली. वयच तसं असतं. सासूबाई शांतपणे जेवत होत्या. मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही वाढलं नाहीत त्याला." खरंच की. नवऱ्याचं ताट रिकामंच होतं. तोवर जेवण थंड झालं होतं सगळं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सपाट रेघेचे फायदे आहेत. चहा अंथरुणात येतो. डबा हातात येतो. गाडी दारात येते. सासूबाईंना घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून त्या मागच्या सीटवर बसून येतात आणि प्रत्येक सिग्नलला विचारतात, "आपण कोणाच्या लग्नाला चाललोय?" नवरा दर वेळी नवं उत्तर देतो. आज म्हणाला, "तुझ्याच, आई." त्या लाजल्या.

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागून भोंगे. पाहिलं तर हा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघतोय. "अरे, हिरवा!" म्हटल्यावर दचकला.

म्हटलं, "लक्ष कुठे असतं रे तुझं?"

"इथेच," म्हणाला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज नव्या विद्यार्थ्यांपुढे माझं ते जुनं व्याख्यान. झोपेतही देईन. थोडक्यात लिहून ठेवते, कारण परिचारिकांच्या अभ्यासात ते लागेल.

एका पिंजऱ्यात दोन उंदीर. एकाला रोज बाहेर काढायचं, अरुंद नळीत कोंडायचं, तासाभराने परत सोडायचं. दुसऱ्याला काहीच करायचं नाही. पूर्वी सगळे त्या पहिल्याचाच मेंदू बघत. भीतीचं केंद्र फुगलेलं, आठवणींचा भाग आक्रसलेला. मी दुसऱ्याचा पाहिला. माझं नाव झालं ते त्याच्यामुळे. पहिला परत आला की दुसरा त्याला हुंगतो, चाटतो, अंगाला अंग लावून बसतो. पहिला हळूहळू सावरतो. आणि दुसऱ्याचा मेंदू पाहिला तर जो कधी कोंडलाच गेला नव्हता त्याचंही भीतीचं केंद्र फुगलेलं. कधीकधी पहिल्यापेक्षा जास्त. त्याला मी सोबतीचा उंदीर म्हणते.

इथे मी नेहमी थांबते आणि म्हणते, "प्रत्येक घरात असा एक उंदीर असतो. तो कोण हे ओळखायची सोपी खूण म्हणजे, तो कधीच तक्रार करत नाही." हशा येतो. आजही आला. टाळ्याही.

घ्यायला नवरा आला होता, सासूबाईंचा हात धरून दारात उभा. त्याने बहुतेक शेवट ऐकला. गाडीत म्हटलं, "कसं झालं?"

"छान. हशाच्या जागा पक्क्या आहेत तुझ्या."

उद्या-परवा संचालकांना हो सांगून टाकेन.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपार. कँटीनमध्ये बसून लिहितेय. समोरचा चहा तसाच आहे.

यंत्रावरची दुसरी तपासणी झाली. आकडे तेच. यंत्र चांगलं आहे. शंकासुर कागद घेऊन आली नि म्हणाली, "मॅडम, एक शंका. अ चा शनिवार पूर्ण गायब आहे. ब ची गुरुवार दुपारची नळी नाही. क चं मात्र सगळं आहे, एक नळी चुकलेली नाही, वेळासुद्धा पाच मिनिटं इकडेतिकडे नाहीत. इतका शिस्तीचा नमुना मी पाहिला नाही. परिचारिकांना असंच करायला सांगू या का?"

मी म्हटलं, "सांग." ती गेली.

मग मला गुरुवार आठवला. संचालकांची खोली. चार मजली केंद्र.

ब मी आहे. तो ठेंगणा, व्यवस्थित डोंगर माझा आहे. सकाळी उठते, कामाला लागते, निजायच्या वेळी निवांत. बोळे घालून. मी ठणठणीत आहे. इतकी वर्षं दमले दमले म्हणून जो गळा काढला तो सगळा निरोगी माणसाचा गळा होता.

शनिवारी लेक नव्हती.

कोड उघडायची गरज नाही. मीच त्या दिवशी म्हणाले होते ते.

आठवड्यातल्या सगळ्या नळ्या, सगळ्या वेळा. घंटी वाजली की उठायचं, आईला परत आणून निजवायचं, मग स्वतःच्या तोंडात नळी धरायची, कारण बायकोचा प्रयोग बिघडायला नको. मी सपाट रेघ टेबलावर ठेवून "ही मी" म्हटलं तेव्हा तो बोट फिरवत होता. त्याला तेव्हाच कळलं असेल का? त्याने काही म्हटलं नाही. चहा आत आणून दिला.

हा चहा पिववत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी घेतली. सकाळी मी आधी उठले. बोळे कचऱ्याच्या डब्यात टाकले होते, त्यामुळे घंटी मलाच पहिली ऐकू आली. सासूबाई एका पायात बूट घालून दाराशी उभ्या होत्या. मागोमाग नवरा धडपडत आला. मला पाहून दाराच्या चौकटीतच थांबला.

"तू का उठलीस? तुझी रेघ..."

"माझी नाही ती."

चष्मा नव्हता त्याच्या डोळ्यांवर. चष्म्याशिवाय फार म्हातारा दिसतो. हे मला ठाऊक नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस," म्हणाला. "म्हणजे, दुःखी होतीस, पण खूश."

चहा मी केला. साखर विसरले. त्याने मुकाट्याने प्यायला.

म्हटलं, "आजपासून मी आहे ना."

तो हसला. मग हसू तिथेच राहिलं आणि चेहरा निघून गेला, असं काहीतरी झालं. म्हणाला, "किती दिवस?"

मी कप खाली ठेवला, तसं म्हणाला, "नाही, टोमणा नाही मारत. खरंच विचारतोय. दोन दिवस असशील तर मी दोन दिवस झोपतो. चार असशील तर तो जिना पुरा करतो. किती, ते कळलं की बरं."

उंदरांवर आयुष्य काढलं, इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

म्हटलं, "केंद्राचं काय करू? मी ते घ्यावं असं तुला खरंच वाटतं?"

"वाटतं. तुझंच आहे ते."

"आणि तुला जमेल?"

नेहमीचं वाक्य तोंडाशी आलेलं मला दिसलं. ओठ हललेही. सासूबाई दुसरा बूट शोधत होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग कपात पाहिलं.

"नाही," म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. बोलून झाल्यावर कुणी ओरडेल की काय अशी वाट बघत बसला.

दहाच्या सुमारास संचालकांना फोन करून नाही सांगितलं. "कारण?" म्हणाले. म्हटलं, घरच्या नमुन्यांत गडबड निघाली. "यंत्र?" यंत्र उत्तम आहे, म्हटलं, तपासणारी नादुरुस्त होती. पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील का म्हणून मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर पोटात एक खड्डा पडला, तो अजून आहे. तो आहे हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढे कधीतरी मी त्यागाच्या गोष्टी सांगत फिरेन.

लेकीला सांगितलं. वाटलं, गळ्यात पडेल. म्हणाली, "आजीचा बूट फ्रिजमध्ये असतो. तुला कळायला हवं म्हणून सांगते."

१ मार्च, रविवार

नवऱ्याला काही करू नकोस म्हटलंय. त्याला ते येत नाही. काल दिवसभर माझ्या मागून मागून हिंडला, मी ठेवलेल्या वस्तू उचलून जागेवर ठेवत. आज जेवणानंतर फळ्यासमोर बसला, जिन्याच्या दोन पायऱ्या काढल्या आणि पेन्सिल हातात धरूनच झोपला. मान एका बाजूला, तोंड जरा उघडं.

मी दारात उभी राहून बघत होते. सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हा कोण झोपलाय?"

"तुमचा मुलगा."

"काहीतरीच. माझा मुलगा लहान आहे."

त्या जवळ गेल्या, वाकून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग त्याच्या हातातली पेन्सिल अलगद सोडवून घेतली, डोळ्याला लागेल म्हणून असेल, आणि माझ्या हातात दिली.

"कुणाचा का असेना," हळू आवाजात म्हणाल्या, "फार दमलाय हो. बाई, तुम्हाला दिसत नाही का?"

"आत्ता दिसलं, आई."

"मग उभ्या काय राहिलात? ऊन येतंय त्याच्या तोंडावर."

मी पडदा ओढला.